एकोणीस पानांचा साज

आजचा भाग थोडा वेगळा आहे. दर वेळी आपण नोकरी, पैसे, घरभाडं असल्या विषयांवर बोलतो. आज एका हरवलेल्या दागिन्याबद्दल बोलायचंय. म्हणजे दागिना हरवला कसा हे नाही. तो परत तसाच करून घ्यावा का, हा प्रश्न. मी यावर गेले चार महिने घालवलेत. एक एक्सेल शीटसुद्धा केलीय. हसू नका.

सुरुवातीलाच सांगते, यात माझी आई आणि माझी आत्ती, दोघी येतात. (आमच्या कोल्हापूरकडे आत्याला आत्ती म्हणतात.) दोघींना विचारूनच रेकॉर्ड करतेय.

तर दागिना म्हणजे कोल्हापुरी साज. आजीचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: सोन्याच्या पातळ पत्र्याची छोटी छोटी पानं असतात, आत लाख भरलेली. मासा, कासव, चंद्र, शंख, कमळ असे आकार. मधे मधे जवाच्या दाण्यासारखे मणी, त्यांना जवमणी म्हणतात. पारंपरिक साजात 21 पानं. हिशेब असा सांगतात की दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचा ताईत. आमच्या भागात लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्राइतकाच साजाला मान.

आजी 2009 ला गेली. साज आईकडे आला. 2017 च्या मे महिन्यात चुलतभावाचं लग्न होतं. जेवणं उरकल्यावर आईच्या लक्षात आलं की साजाचा दोरा मागे विरलाय. तिने तो काढला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. आता लग्नातल्या पिशव्या तुम्हाला माहीत आहेत. ओटीचा नारळ, ब्लाउजपीस, लाडूचा पुडा, सगळ्यांच्या पिशव्या एकसारख्या. घरी येऊन बघते तर पिशवीत नारळ होता, ब्लाउजपीस होता, रुमाल नव्हता.

पुढचे आठ दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. प्रत्येक पाहुण्याला फोन. कार्यालयाचा कचरा बाबांनी स्वतः उपसला. जी मावशी आमच्याकडे बारा वर्षं भांड्यांना येत होती, तिच्याकडे कुणीतरी एकदा नुसतं बघितलं. ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही. आणि आत्ती आईला म्हणाली, "वहिनी, माझ्या आईचा साज होता तो." एवढंच. ओरडली नाही, काही नाही. पण त्यानंतर आठ वर्षं आई आत्तीकडे कारणाशिवाय गेली नाही. फोन व्हायचे ते "पोचलात का", "बरं आहे का" एवढेच.

या वर्षी माझ्या हातात बरा बोनस आला. आणि मला वाटलं, झालं, हा प्रॉब्लेम सॉल्व्ह करू. साज परत करून घेऊ, आईच्या वाढदिवसाला गळ्यात घालू, विषय संपला. इंजिनिअर माणसाला प्रत्येक दुःख म्हणजे एक पेंडिंग तिकीट वाटतं.

फोटो गोळा केले. तीन मिळाले. एक आजीचा ब्लॅक अँड व्हाइट, त्यात अर्धा साज पदराखाली. एक लग्नाच्या अल्बममधला, फ्लॅश उडून सगळं पांढरं झालेलं. आणि एक 2016 चा, माझ्याच जुन्या फोनवर काढलेला. त्यात आई हसतेय आणि साज बऱ्यापैकी स्पष्ट आहे. झूम करून मी पानं मोजली. 19. म्हटलं, दोन मानेच्या मागे गेली असतील.

मग मी तो फोटो एका एआय टूलमध्ये टाकला, शार्प करायला. फोटो अप्रतिम आला. फक्त कासवाचं फूल झालं होतं आणि शंखाला पाकळ्या फुटल्या होत्या. दिसायला इतकं खरं, की मला माहीत नसतं तर मी तसंच करून घेतलं असतं. हे लक्षात ठेवा. जिथे माहिती नसते तिथे एआय गप्प बसत नाही, भर घालतं. जुन्या दागिन्याचा फोटो वाढवून घ्यायचा असेल तर मूळ फोटो शेजारी ठेवून एक एक आकार तपासा.

शनिवारी पुण्याहून कोल्हापूरला गेले. आईला सांगितलं, मैत्रिणीचं काम आहे. महाद्वार रोडवरून गुजरीत शिरले. तिथे एका दुकानात एक वयस्कर काका बसतात, साजाचं काम त्यांच्या घरात पूर्वीपासून. त्यांनी फोटो बघितले, चष्मा वर केला आणि प्रश्न विचारायला लागले.

"वजन किती होतं?"

माहीत नाही.

"बरं. वजन कळलं तरी कुठल्या तोळ्यानं? जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर, आताचा बाजारातला दहाचा. आणि लाखेसकट की लाखेविना?"

माहीत नाही.

"केला कधी?"

मी अभिमानाने सांगितलं, आजीचं लग्न 1964 चं. काका हसले. म्हणाले, "बाळ, तेव्हा मोरारजींचा चौदा कॅरेटचा नियम होता. सोनाराला त्याच्यावरचा नवा दागिना करायला बंदी. माझ्या वडिलांनी त्या काळात काय दिवस काढले, मला ठाऊक. म्हणजे एक तर हा साज जुना, नाही तर लग्नानंतरचा, नाही तर चौदा कॅरेटचा. कुठला?"

मी नंतर वाचलं. हे खरं आहे. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरेटची अट 1966 मध्ये उठली. पुढे 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता, तो 1990 मध्ये रद्द झाला. म्हणजे आपल्या आज्यांचे दागिने कधी आणि कुठल्या सोन्याचे झाले, त्यात दिल्लीचाही हात होता.

आणि काकांचा शेवटचा प्रश्न: "पानं 19 दिसतात. मी 21 करू की 19?"

मी म्हटलं, "दोन मागे असतील ना?"

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "मागे नाहीत. हे बघ, इथं नि इथं जवमणी जास्त आहेत. कुणीतरी दोन पानं काढून साज परत ओवलाय. चांगल्या हातानं केलंय, कळत नाही सहज."

ऑफिसात आम्ही ज्याला रिक्वायरमेंट म्हणतो, ती माझ्याकडे नव्हतीच. होता फक्त एक सुंदर फोटो आणि बजेट. सरप्राइज बाजूला ठेवून आईलाच विचारणं भाग होतं.

रात्री घरी गेले. आई भाकऱ्या करत होती. मी सगळं सांगून टाकलं. ती काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बारीक केला आणि म्हणाली, "एकोणीसच होती. दोन पानं वन्संच्या डीएडच्या फीला गेली. 84 साली. सासूबाईंनी मला सांगितलं होतं, आणि म्हणाल्या होत्या, पोरीला कधी बोलू नको, तिला लागेल."

मंडळी, मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. "माझ्या आईचा साज होता तो," हे वाक्य आईने आठ वर्षं ऐकून घेतलं. तिच्याकडे उत्तर होतं. "त्यातली दोन पानं तुमच्याचसाठी मोडली, वन्सं," एवढं म्हणायचा अवकाश होता. ती म्हणाली नाही. सासूला शब्द दिला होता म्हणून.

मी विचारलं, "मग वजन कुणाला माहीत असेल?"

आई म्हणाली, "वन्संनाच."

तीन दिवस गेले. मी पुण्याला परत आले. चौथ्या दिवशी आईचा कॉन्फरन्स कॉल. एका बाजूला आत्ती. आईने सरळ सांगितलं, पोरगी साज करून घ्यायचा म्हणतेय, वजन हवंय. आणि मग, अडखळत, पानांचं पण बोलली. लाइनवर कुणीच बोलेना. मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग आत्ती म्हणाली, "वहिनी, मला माहीत आहे. गुजरीत आईबरोबर मीच गेले होते. ती मला बाहेर बाकावर बसवून आत गेली. मला काय कळत नव्हतं होय?"

म्हणजे बघा. एकीला माहीत होतं आणि दुसरीलाही. दोघी एकमेकींपासून लपवत होत्या. आणि आत्ती पुढे म्हणाली, "ती पानं मी सोडवून आणणार होते. पहिल्या पगारात. मग दुसऱ्या. मग राहूनच गेलं. साज गेला तेव्हा मला आधी तेच आठवलं, की आता ते कधीच होणार नाही. तुम्हाला बोलले, पण राग माझा मलाच होता."

मी मधे काही बोलले नाही. माझं काम नव्हतं.

मग आत्तीने सगळी माहिती दिली. साज लग्नातला नव्हताच. 1967 चा, पणजीच्या पाटल्या मोडून केलेला. वजन जुन्या तोळ्याने साडेतीन, लाखेसकट. म्हणजे साधारण 41 ग्रॅम. आताच्या तोळ्याने धरलं असतं तर 35. आजच्या भावाने पन्नास हजारांहून जास्तीचा फरक, फक्त "तोळा" या एका शब्दात. शिवाय हे अख्ख्या साजाचं वजन. दोन पानं गेल्यावरचं कुणी केलंच नव्हतं.

आणि मग खरा पेच. आत्ती म्हणाली, "कर. पण एकोणीसच पानांचा कर. एकवीस केलास तर तो आईचा नव्हे."

आई म्हणाली, "करू नको."

मी आईला नंतर विचारलं, का? मला वाटलं खर्चाचं म्हणेल. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय, त्यावर मजुरी, जीएसटी. मी तर चांदीवर सोन्याचं पाणी देऊन करायचा पर्यायही शीटमध्ये ठेवला होता. पण ती म्हणाली, "नवा घातला की जो तो विचारणार, सापडला का? मग मी प्रत्येकाला सांगत बसायचं, नाही, हा दुसरा. आठ वर्षं मी नसलेला साज सांभाळतेय. आता असलेला सांभाळायला लावू नको."

इथे माझी शीट बंद झाली. मी खर्च, वजन, डिझाइन, सगळ्याचे कॉलम केले होते. "हे घालणाऱ्या माणसाला हवंय का" हा कॉलमच नव्हता. मी आईसाठी करत होते असं मला वाटायचं. खरं तर त्या आठ दिवसांत मी वीस वर्षांची होते आणि काहीच करू शकले नव्हते. ते मला आता पैसे देऊन फेडायचं होतं. आत्तीला जशी दोन पानं सोडवायची होती, तसंच.

म्हणून मी साज करत नाहीये. आत्तीचं म्हणणं चूक आहे असं नाही. पणजीच्या पाटल्यांचा साज होऊ शकतो, तर माझ्या पगाराचाही होऊ शकतो. आपल्या घरांत सोनं मोडून नवं करणं हीच रीत आहे. पण ज्याच्या गळ्यात तो पडणार, ती नको म्हणतेय. आईने एक सांगितलंय: "तुला कधी हौस वाटली तर तुझा कर. आजीचा म्हणू नको." ते मला पटलं.

तुमच्या घरातही असं काही हरवलं असेल आणि करून घ्यायचा विचार असेल, तर माझ्या चुकांवरून थोडं सांगते. सोनाराकडे जायच्या आधी घरातल्या मोठ्यांशी बोला. सरप्राइज ठेवू नका, कारण माहिती त्यांच्याकडेच असते. करायचं ठरलं तर लाखेचं आणि सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या, बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि शुद्धता बघा. हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो.

आणि जे अजून हरवलं नाहीये, त्याचं आजच करा. दागिना पट्टीशेजारी ठेवून पुढून-मागून फोटो काढा, वजन करा. आणि तो कुणाचा, कशातून झाला, हे आई-आजीच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. दोऱ्यावर ओवलेला असेल तर दोरा तपासा. खरंच.

त्या भांडीवाल्या मावशींकडे मी आणि आई जाऊन आलो. त्यांना काय सांगायचं ते ठरवून गेलो होतो, तिथे गेल्यावर नीट बोलता आलं नाही. त्यांनी चहा केला. एवढंच झालं. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही.

दिवाळीत आई आत्तीकडे दोन दिवस राहून आली, आठ वर्षांनी. आत्तीने एका वहीत 19 पानांची यादी केलीय, आठवेल तशी. सतरा लिहून झालीत. उरलेल्या दोनांवरून दोघींचा अजून वाद चालू आहे. आई म्हणते भुंगा होता, आत्ती म्हणते बेलपान. फोटोत ती जागा अंधारी आहे. मी झूम करून बघितलं, आणि या वेळी एआयला विचारलं नाही.

तुमच्या घरातली अशी गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटूच.