भाडे, मजुरी आणि स्पर्धा



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची आपली प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास सुरू केली. त्याच रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले आणि परदेशी पंडितांचे सिद्धांत जसेच्या तसे उचलू नका, आपल्या देशाची परिस्थिती पाहून ते पारखून घ्या, असे बजावले. आज आम्ही तोच प्रयत्न एका लहानशा प्रश्नापुरता करणार आहोत. प्रश्न विमानांचा आहे. परंतु तो आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरूनच पाहावयाचा आहे.

२५ डिसेंबर २०२५ रोजी पनवेलजवळच्या नव्या विमानतळावरून उतारूंची वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी उतारूंची सोय तेथे आहे. तेव्हापासून आपल्या घराघरांतून दोन आशा बोलल्या जातात. पहिली, आता विमानाचे भाडे उतरेल. दुसरी, आता आपल्या मुलामुलींना चांगल्या पगाराची कामे मिळतील. दोन्ही आशा एकाच गोष्टीवर उभ्या आहेत. ती म्हणजे स्पर्धा. म्हणून हा शब्द आपण थोडा तपासून पाहू.

स्पर्धा म्हणजे दुकानांची संख्या नव्हे. अलिबागच्या माणसाला मुंबईस जावयाचे आहे असे समजा. मांडव्याहून गेटवेला जाणारी लाँच आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्याला मोटारीसकट नेणारी रो-रो बोट आहे. वडखळ-पेणवरून एस्.टी. आहे. लाँचवाल्याने भाडे अवाच्या सवा वाढविले तर उतारू एस्.टी.त जाऊन बसेल, हे लाँचवाला जाणतो. परंतु पावसाळा लागला, गेटवेच्या लाँच बंद झाल्या, की तोच उतारू बव्हंशी रस्त्यावर अवलंबून राहतो. गाव तेच, माणूस तोच. पण त्याचे पर्याय घटले आणि त्याबरोबर त्याची पतही घटली. बाजारात विक्रेते किती, यापेक्षा ऐनवेळी गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येते काय, हा खरा प्रश्न होय.

आपल्या किनाऱ्याने हा धडा आगबोटींच्या काळातच गिरविला होता. कोकणची उतारू वाहतूक दीर्घकाळ बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या हाती होती. तिच्यासमोर स्वदेशीच्या भावनेतून सहकारी आगबोट कंपनी उभी राहिली. लोकांनी तिला ‘माझी आगबोट कंपनी’ असे लाडके नाव दिले, आणि तिच्या बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावे होती. तिकडे दक्षिणेत १९०६ साली चिदंबरम् पिळ्ळै यांनी तुतिकोरीनहून कोलंबोला स्वदेशी बोटी सुरू केल्या, तेव्हा जुन्या ब्रिटिश कंपनीने भाडी पाडण्याचा सपाटा लावला. फुकट प्रवास आणि वर एक छत्री देण्यापर्यंत मजल गेली, असे सांगतात! उतारूंची चंगळ झाली. पण १९०८ साली पिळ्ळै तुरुंगात गेले, १९११ पर्यंत ती कंपनी मोडीत निघाली आणि पुन्हा एकाच मालकाचे राज्य आले. स्वस्ताईचे असे दोन प्रकार असतात. एक, दोघे टिकून राहिल्यामुळे येणारी. दुसरी, एकाने दुसऱ्याला बुडविण्यासाठी आणलेली. पहिली टिकते. दुसरीची वसुली मागाहून होते.

आगबोटींनी आणखीही एक गोष्ट शिकविली, आणि ती फार दुःखाची आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात सापडून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. भाडे उतारूला दिसते. बोटीची सुरक्षितता त्याला तिकीट घेताना दिसत नाही. जे गिऱ्हाइकाला दिसत नाही त्यासाठी विक्रेते आपसांत चढाओढ करीत नाहीत. तेवढ्यापुरती सरकारी देखरेख लागतेच. स्पर्धेचा भक्त असलेल्या अर्थशास्त्रज्ञालाही हे नाकारता येत नाही.

आता विमानांकडे वळू. १९५३ साली सरकारने विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण केले. नव्वदीच्या आरंभी खाजगी विमाने पुन्हा उडू लागली आणि १९९४ साली राष्ट्रीयीकरणाचा कायदाच रद्द झाला. २००३ साली कॅप्टन गोपिनाथांच्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटे आणली आणि ज्यांनी कधी विमानाची पायरी चढली नव्हती अशी माणसे विमानात बसली. पुढे कंपन्यांची रांग लागली आणि तितकीच मोडतही झाली. डेक्कन किंगफिशरने घेतली. किंगफिशर २०१२ साली थांबली. जेट १७ एप्रिल २०१९ रोजी. गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात. विस्तारा २०२४ च्या नोव्हेंबरात एअर इंडियात मिळाली. २०२५ साली देशांतर्गत उतारूंपैकी शेकडा साठांहून अधिक एकट्या इंडिगोकडे होते. तिच्यात टाटांचा एअर इंडिया समूह मिळविला की दहांपैकी जवळजवळ नऊ उतारू दोन घरांत वाटले गेले.

येथे कोणी विचारील, इतक्या कंपन्या का बुडाव्या? याचे मर्म विमानातील आसनात आहे. आपल्या बाजारात कोळीण सकाळी पापलेट एका भावाने विकते आणि संध्याकाळी भाव उतरविते, कारण उरलेली मासळी उद्या निरुपयोगी. विमानातील रिकामे आसनही उड्डाणाच्या क्षणी मातीमोल होते. एक उतारू जास्त घेण्याचा खर्च नगण्य. सारा खर्च विमान, इंधन आणि माणसे यांचा, आणि तो आधीच ठरलेला. म्हणून दोन कंपन्या हट्टास पेटल्या की भाडे खर्चाच्याही खाली घसरते आणि दोघींचे दिवाळे वाजू लागते. मग उड्डाणाच्या आदल्या दिवशी विमानाचे तिकीट मासळीसारखे स्वस्त का होत नाही, उलट महाग का होते? कारण संध्याकाळच्या मासळीचे गिऱ्हाईक ‘नको’ म्हणू शकते. ऐनवेळी विमान धरणाऱ्याच्या घरी बहुधा आजार असतो, मुलाखत असते, मृत्यू असतो. कंपनी त्याची निकड विकत असते. त्या दिवशी त्याच वाटेवर दुसरे विमान असेल, तरच या निकडीला काही आळा बसतो.

अमेरिकेने १९७८ साली विमानभाड्यांवरील सरकारी बंधने उठविली. तेव्हा काही पंडितांचे मत असे होते की, आखाड्यात एकच मल्ल असला तरी चालेल. दुसरा केव्हाही उतरू शकतो, एवढी धास्ती पुरे. ही धास्ती खरी असते, असे शिकागोच्या गूल्सबी व सायव्हरसन या दोघा अभ्यासकांनी २००८ साली दाखविले. साउथवेस्ट ही स्वस्त कंपनी एखाद्या मार्गाच्या दोन्ही टोकांच्या विमानतळांवर येताच, तो मार्ग तिने सुरू करण्याआधीच जुन्या कंपन्या भाडी उतरवू लागत. मात्र त्यासाठी दुसऱ्या मल्लाला आखाड्यात येऊ दिले पाहिजे. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पुरेपूर वापरता येत नाहीत. सकाळच्या सोयीच्या वेळा जुन्यांच्या ताब्यात. नव्याने यावे कुठे? या दृष्टीने आपला नवा विमानतळ ही खरीच मोठी गोष्ट आहे. तेथे जागा आहे.

परंतु येथेच थोडे थांबावे लागते. मुंबईचा विमानतळ आणि नवी मुंबईचा विमानतळ, दोन्हींत शेकडा ७४ भाग एकाच अदानी समूहाचा आहे. लंडनचे तीन मोठे विमानतळ असेच एका कंपनीकडे होते. २००९ साली तेथील स्पर्धा आयोगाने त्यांतील दोन विकण्याचा आदेश दिला. गॅटविक त्याच वर्षी विकला गेला, स्टॅन्स्टेड २०१३ साली. आपल्याकडे विमानतळाचे दर ठरविणारे स्वतंत्र प्राधिकरण २००८ च्या कायद्याने आले आहे, ही जमेची बाजू. पण दर ठरवून देणे निराळे आणि शेजारच्याच्या भीतीने सेवा सुधारणे निराळे. दोन दरवाजे दिसतात. त्यांची किल्ली एकाच खिशात आहे, हे आपण विसरू नये.

आता दुसरी आशा, मजुरीची. श्रमाच्या बाजारात आपण विक्रेते असतो आणि मालक गिऱ्हाईक. ज्या गावात काम देणारा एकच, तेथे मजुरी कामाच्या मोलाने ठरत नाही, कामकऱ्याच्या नाइलाजाने ठरते. केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली या स्थितीला स्वतंत्र नाव देऊन तिचा सांगोपांग विचार केला. विमानांच्या धंद्यात तिचे दोन टोकांचे नमुने सापडतात.

एक वैमानिक. त्याची विद्या दुर्मिळ, पण विमानाच्या जातीला बांधलेली, आणि ती विकत घेणारी घरे मोजकी. जेट बंद पडली तेव्हा स्पाइसजेटने तिची बोइंग विमाने घेतली आणि तिच्या कित्येक वैमानिकांनाही कामावर घेतले, कारण विमानाची जात तीच होती. गिऱ्हाईक असेल तर विद्येला मोल येते. परंतु २०१७ साली असा नियम झाला की, कॅप्टनने नोकरी सोडण्यापूर्वी एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची सूचना द्यावी. उतारूंची गैरसोय टळावी हा हेतू सांगितला गेला, आणि तो खोटा नव्हे. पण वर्षभर थांबणाऱ्या माणसाला दुसरा मालक कितीसा भाव देणार?

याच बाजूचा दुसरा प्रसंग ताजा आहे. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास सलग विश्रांती द्यावी आणि रात्रीची उतरणी कमी करावी, असे नियम आले. त्यांचा शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. डिसेंबरच्या आरंभी इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. नव्या नियमांना पुरतील इतक्या माणसांची तजवीज तिने केलेली नव्हती. भाडी भडकली, आणि सरकारला कमाल भाडे बांधून द्यावे लागले. पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार रुपये. त्याच वेळी विश्रांतीच्या नियमांतून त्या कंपनीला तात्पुरती सवलतही द्यावी लागली. बारा कंपन्यांतील एक अडखळली असती तर उतारू अकरांकडे गेले असते. साठ टक्क्यांची कंपनी अडखळली, तेव्हा देश अडखळला आणि नियमालाच माघार घ्यावी लागली. ‘रामदास’च्या निमित्ताने जी देखरेख आवश्यक म्हटली, तीसुद्धा मक्तेदारीपुढे कशी दुबळी पडते, याचे हे उदाहरण आहे.

दुसरे टोक सामान उचलणाऱ्या, सफाई करणाऱ्या, पहाऱ्यावरच्या माणसाचे. त्याला मालक पुष्कळ. विमानतळ नाही तर उरणचे बंदर, बंदर नाही तर गोदाम. पण त्याच्यासारखे विक्रेतेही पुष्कळ, आणि मध्ये कंत्राटदार. त्याला बळ येते ते दोन वाटांनी. एक, बंदर, गोदामे आणि विमानतळ यांनी माणसांसाठी खरोखर चढाओढ करण्याने, दुसरी, संघटनेने. तिसरी वाट शिक्षणाची. विमानाच्या दुरुस्तीची विद्या मिळविलेला मुलगा या गर्दीतून बाहेर पडतो, कारण ती विद्या मुंबईत चालते, बंगळुरात चालते, दुबईतही चालते.

ही चर्चा आपल्याला कोरडी वाटू नये. या किनाऱ्याने जमिनी दिल्या आहेत. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच माणसांनी प्राण दिले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. जमीन हा ज्याचा शेवटचा पर्याय होता त्याने तो दिला. भातशेती आणि मिठागर होते तोवर कमी मजुरी देऊ करणाऱ्याला तो ‘नको’ म्हणू शकत होता. आता त्याचे ‘नको’ म्हणण्याचे सामर्थ्य दुसऱ्या मालकावर, दुसऱ्या हुनरावर आणि आपल्या संघटनेवर अवलंबून आहे.

म्हणून विमानतळाकडे पाहताना विमाने किती उतरली, एवढेच मोजू नका. आपल्या वाटेवर कंपन्या किती, सकाळच्या वेळा कोणाला मिळाल्या, कंत्राटे किती जणांत वाटली, काम सोडून शेजारी जाण्यास कामकऱ्याला मुभा आहे काय, हे प्रश्न ग्रामसभेत, वर्तमानपत्रांत आणि निवडणुकीच्या सभेत विचारा. भाव आणि मजुरी या काही दैवी गोष्टी नव्हेत. उतारूला आणि कामकऱ्याला ‘नको’ म्हणता येते की नाही, यावर त्या ठरतात.