वाक्प्रचार ऐकावा कसा?



शाळेत आपण वाक्प्रचार शिकलो ते यादीतून. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. त्यानं गुण मिळाले, पण गोडी गेली. वाक्प्रचार ही कुणा अनाम माणसाची कविताच असते. तिच्यातलं काम डोळ्यांपुढे आलं, तरच ती कळते.

त्यासाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यातून बाहेर जायलाही नको. वसमतकडची हळद बघा. पावसाळ्याच्या तोंडावर बेणं लागतं आणि काढणीला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. मग हळद शिजवायची, म्हणजे कच्चा वास जातो आणि रंग आतवर सारखा पसरतो. नंतर उन्हात खडखडीत वाळवायची आणि ढोलात घालून फिरवायची. ढोल फिरतो, साल झडते आणि मळकट कांडीतून पिवळा रंग वर येतो. आता ‘पी हळद अन् हो गोरी’ हे शब्द पुन्हा ऐका. जिला स्वतःला रंगायला जवळजवळ वर्ष लागलं, तिच्याकडून एका घोटात गोरेपण मागणारा माणूस! उतावळेपणाचं इतकं नेमकं चित्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

‘अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं’ हेही तसंच. लग्नात नवरदेवाला अंगभर हळद लागते, पाट्यावर वाटून वाटी भरते. अर्ध्या हळकुंडात कपाळ तेवढं माखेल. तेवढ्यावरच जो नवरदेवासारखा मिरवतो, तो डोळ्यांपुढे आणा.

‘कच्चं मडकं’ हा मात्र कानानं घ्यायचा वाक्प्रचार. कुंभाराच्या आव्यातून निघालेल्या मडक्यावर टिचकी मारली, तर पक्कं खणखणतं आणि कच्चं बद्द वाजतं. संतकथेत गोरोबाकाका थापटणं घेऊन जमलेल्या संतांची डोकी पारखतात आणि कच्चे ठरतात ते नामदेव, आपल्या नरसीचे! पुढे औंढ्याच्या नागनाथ मंदिरात विसोबा खेचरांकडून त्यांना उपदेश मिळाला, असं परंपरा सांगते. ही कथा माहीत असली की त्या शब्दातला हिणकसपणा गळतो. कच्चं मडकं भाजून पक्कं होऊ शकतं, ही आशाही त्यात ऐकू येते.

इंग्रजीतही असंच आहे. इंग्लंड हा दर्यावर्दींचा देश, म्हणून तिथले कितीतरी वाक्प्रचार शिडांतून आणि दोरखंडांतून आले. आपले आले ते शिवारातून, आव्यातून, पाट्यावरून.

आज हळद शिजवायला काहिलीऐवजी कुकर आले, आवेही कमी झाले. म्हणून एक विनंती आहे. घरातली आजी बोलता बोलता असा एखादा वाक्प्रचार वापरेल, तेव्हा तिला नुसता अर्थ विचारू नका. हे कुठल्या कामातलं आहे, ते विचारा आणि तिच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा.