केसांसकट निघालेली कातडी फेकू नका

सुगी तोंडावर आली आहे. आता खळ्यावर मळणी यंत्रं सुरू होतील, गोठ्यात कडबाकुट्टी तर रोजच चालते. म्हणून आज आम्ही एक अवघड विषय घेतला आहे. ऐकताना अंगावर काटा येईल, पण शेवटपर्यंत ऐका.

यंत्राच्या फिरत्या दांड्यात किंवा पट्ट्यात वेणी अडकली, तर डोक्याची कातडी केसांसकट निघून येते. असं का होतं? डोकं चोळताना कातडी बोटांखाली पुढेमागे सरकते ना? तिच्या आणि कवटीच्या मध्ये एक सैल थर असतो. केस मात्र कातडीत घट्ट रुतलेले असतात. ओढ बसली की केस तुटण्याआधी कातडीच त्या थरातून सुटते, कधी भुवयांपासून थेट मानेपर्यंत.

अशा वेळी लोक म्हणतात, "जीव वाचला, केसांचं काय घेऊन बसलात?" जीव आधी, हे खरंच. पण निघालेली कातडी पुन्हा बसवता येते, आणि तिच्यावर केसही पुन्हा वाढतात! १९७६ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी असं यशस्वी ऑपरेशन झाल्याचं प्रसिद्ध केलं. आपल्या देशात १९९४ साली पंजाबातल्या नऊ वर्षांच्या एका मुलीची वेणी यंत्रात सापडली आणि डोक्याच्या कातडीबरोबर चेहराही निघाला. घरच्यांनी तो पिशवीत घालून लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेला. डॉ. अब्राहम थॉमस यांनी तो परत जोडला. घरच्यांनी तो सोबत नेला, म्हणूनच हे जमलं.

डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक दोऱ्याने, एक-दोन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या जोडतात. जखमेवर मांडीची कातडीही लावता येते. त्याने जखम भरते, पण तिथे केस येत नाहीत. म्हणून स्वतःची कातडी मोलाची.

मग आपण काय करायचं?

आधी यंत्र बंद करा. डोक्यातून रक्त फार वाहतं. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा. हळद, तंबाखू, चहापूड काहीही लावू नका. ओढीमुळे मानेलाही इजा झालेली असू शकते, म्हणून बाईला आडवं ठेवा, मान हलू देऊ नका. खायला-प्यायला काही देऊ नका. १०८ ला फोन लावा.

दुसऱ्या कुणीतरी तोवर कातडी शोधावी. यंत्रात अडकली असेल तर यंत्र पूर्ण थांबल्यावरच, वीज तोडून, हळूच सोडवा. माती-भुसा लागला असेल तर स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, घासू नका, केस कापू नका. ओल्या करून पिळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या भांड्यात ठेवा. कातडीला बर्फ थेट लागता कामा नये, आणि ती पाण्यात भिजताही कामा नये. लहान तुकडेही घ्या. काय जोडता येईल ते डॉक्टर ठरवतील.

दवाखान्यात गेल्या गेल्या विचारा, "इथे प्लास्टिक सर्जन आहेत का? रक्तवाहिन्या जोडण्याची सोय कुठे आहे?" तिथूनच पुढच्या रुग्णालयात फोन करून घ्या. उशीर झाला की कातडी जगण्याची आशा कमी होते. रक्तही लागतं, म्हणून रक्त देऊ शकतील असे दोघे-तिघे सोबत न्या.

मैत्रिणींनो, ही वेळच न यावी हे सगळ्यांत बरं. यंत्राजवळ जाताना वेणी सोडून अंबाडा घाला, वर रुमाल घट्ट बांधा. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा. पट्ट्यावर आणि दांड्यावर जाळी नसेल, तर मालकाला आधी जाळी लावायला सांगा. एकटीने सांगायला संकोच वाटत असेल, तर बचत गटातल्या साऱ्याजणी मिळून सांगा. रोज मजुरीची असली, तरी डोकं आपलं आहे.

आजचं हे बोलणं घरातल्या पुरुषांनाही ऐकवा. त्या वेळी धावपळ तेच करणार आहेत.