भाववाढीचा हिशेब

(ग्रामस्थ, कर्मचारी व शिक्षक यांच्यासमोर झालेले भाषण)



महागाई प्रत्येकालाच जाणवते. परंतु ती नेमकी किती झाली, हे सांगण्याची वेळ आली म्हणजे बहुतेकांची भिस्त अंदाजावर असते. अमुक वस्तू इतक्या रुपयांनी वाढली, असे लोक म्हणतात. ती वाढ खरी असली तरी तिचा भार शेकडेवारीवाचून कळत नाही.

रीत सोपी आहे. नव्या किमतीतून जुनी किंमत वजा करावी, बाकीला जुन्या किमतीने भागावे व शंभराने गुणावे. भागावयाचे ते नेहमी जुन्या किमतीने, एवढे ध्यानात ठेवावे.

दिल्लीत घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर मार्च २०२३ मध्ये १,०५३ रुपयांवरून १,१०३ रुपयांवर गेला. पुढे दोनदा दर उतरून तो ८०३ रुपयांवर आला आणि एप्रिल २०२५ मध्ये ८५३ रुपये झाला. दोन्ही खेपेस वाढ ५० रुपयांचीच. परंतु पहिली सुमारे पावणेपाच टक्के, तर दुसरी सुमारे सव्वासहा टक्के. मूळ किंमत लहान, म्हणून टक्का मोठा.

चढ आणि उतार यांचे टक्केही सारखे नसतात. ४० रुपयांचा कांदा ५० झाला तर वाढ २५ टक्के. तोच पुन्हा ४० वर आला तर घट २० टक्के. म्हणून एखाद्या विक्रेत्याने आधी भाव २५ टक्क्यांनी चढवून मग २० टक्के सूट जाहीर केली, तर ग्राहकाच्या पदरात काहीच पडत नाही.

एका वस्तूची वाढ म्हणजे साऱ्या संसारखर्चाची वाढ नव्हे. समजा, दोन कुटुंबांची मिळकत दरमहा १२,००० रुपये असून ती सर्व खर्च होते. एकाचा अन्नावरील खर्च ६,००० रुपये, दुसऱ्याचा ९,००० रुपये. अन्न १० टक्क्यांनी महागले, तर पहिल्याचा एकूण खर्च ५ टक्क्यांनी आणि दुसऱ्याचा साडेसात टक्क्यांनी वाढतो. त्या दुसऱ्या घरातील मजुरी ५ टक्क्यांनी वाढली तरी दरमहा ३०० रुपयांची तूट पडतेच.

शासनाच्या ग्राहक किंमत निर्देशांकातही प्रत्येक वस्तूला खर्चातील वाट्याप्रमाणे भार दिलेला असतो. औद्योगिक कामगारांसाठीच्या अशा निर्देशांकावरून केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ठरतो. ज्या मजुराला असा भत्ता नाही, त्याने मजुरी ठरवताना स्वतःचा हिशेब स्वतःच मांडला पाहिजे.

यास्तव प्रत्येक घरी खर्चाची वही असावी आणि दरमहा मुख्य जिनसांचे भाव तीत टिपावेत. शिक्षकांनी शेकडेवारी शिकविताना हीच वही विद्यार्थ्यांकडून मागवावी. मुलांचे गणित पक्के होईल आणि आईवडिलांना आपली तूट नेमक्या आकड्यांत दाखविता येईल.