घरोघरीचे दप्तर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास असे भारदस्त विषय सोडून आम्ही टीव्ही ट्यूनर कार्डावर बोलणार, हे कळताच कार्यकारिणीतील काही स्नेह्यांना हसू आवरले नाही. त्यांच्या हसण्याचा आम्हांस मुळीच राग नाही. परंतु ज्या वस्तूमुळे या शहरातील कित्येक घरांत रोज सायंकाळी मराठी बोल उमटत राहिले, ती वस्तू अगदीच क्षुद्र म्हणता येत नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्याचे मराठी कार्यक्रम बेंगळूरकरांस अनेक वर्षे दिसतच नव्हते. सुटीत मुंबई-पुण्यास जाऊन आलेली मंडळी त्यांची वर्णने करीत आणि आपण ती ऐकावयाची. 1999 साली अल्फा मराठी व 2000 साली ई टीव्ही मराठी या वाहिन्या आल्या, सह्याद्रीही उपग्रहावरून दिसू लागली, तेव्हा कोठे हा दुष्काळ सरला. तरीही केबलवाल्याच्या यादीत मराठी वाहिनी शेवटच्या पंगतीला असे आणि पूर्वसूचनेवाचून जागा बदली. शिवाय मालिका साडेसातला लागावयाची, आणि त्या वेळी घरचा कर्ता पुरुष सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेला! तेव्हा कार्यक्रम टिपून ठेवणे ही चैन नव्हती, गरज होती.

ही गरज भागविण्यासाठी अनेकांनी सदर पत्रप्पा रस्त्याची, म्हणजे आपल्या एस. पी. रोडची, वाट धरली. ट्यूनर कार्ड म्हणजे तळहाताएवढी पट्टी व तिच्या टोकास पत्र्याची लहानशी डबी. केबलची तार या डबीत खोचावयाची. आलेल्या लहरींतून हवी ती वाहिनी वेगळी काढणे हे डबीचे काम. त्या चित्राचे आकड्यांत रूपांतर करणे हे पट्टीवरील चिपचे काम. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रे आणि प्रत्येक चित्रात दिसणाऱ्या 576 रेषा. हे आकडे जसेच्या तसे साठवू गेल्यास तासाला सुमारे 75 गिगाबाईट जागा लागते. आणि त्या काळी घरच्या संगणकाची हार्ड डिस्क 40 गिगाबाईटची असली तरी धन्यता वाटे. म्हणून पहिले चित्र पूर्ण लिहावयाचे व पुढच्या चित्रांत जे बदलले असेल तेवढेच नोंदवावयाचे, अशी युक्ती योजलेली असे. व्हीसीडीच्या मापाने दाबले की तासाभराचा कार्यक्रम सुमारे 620 मेगाबाईटांत, म्हणजे एका सीडीत, मावे. रेषा निम्म्या होत, चेहऱ्यांवरील बारकावे पुसट होत. परंतु शब्द स्वच्छ ऐकू येत, आणि आम्हांस शब्दच हवे होते.

यात विघ्ने थोडी नव्हती. ऐन वेळी वीज जाई. कित्येक कार्डांत आवाज वेगळ्या तारेने साऊंड कार्डाकडे न्यावा लागे; मग तासाभरात ओठ पुढे आणि बोल मागे अशी फारकत होई. विंडोजच्या जुन्या मांडणीत एका फाईलला 4 गिगाबाईटांची मर्यादा होती. चांगल्या प्रतीचे मुद्रण लावले तर तीन अंकी नाटक तिसऱ्या अंकापूर्वीच आटोपे.

पण लाभ पाहा. घरात मराठी, अंगणात कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा मुलांचे मराठी कोठे अडते? लिंगावर. कन्नडात निर्जीव वस्तू साऱ्या नपुंसकलिंगी. त्यामुळे आपली मुले ‘ते पोळी’, ‘ते भात’ म्हणावयाची. व्याकरण समजावून ते सुटेना. ‘आभाळमाया’चे तेच ते भाग सुटीत चार-चार वेळा पाहिल्यावर आमच्या घरी पोळी आपोआप स्त्रीलिंगी झाली. थेट प्रक्षेपण एकदाच कानांवरून जाते. भाषा मात्र पुनरुक्तीने मुरते.

आता खऱ्या मुद्द्याकडे वळू. ज्यांनी हे कार्यक्रम निर्मिले त्यांनी तरी ते जपले का? दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात फिती महाग. जुन्या कार्यक्रमावर नवा मुद्रित होई. दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’चे फार थोडे भाग आज पाहावयास मिळतात. बीबीसीसारख्या धनाढ्य संस्थेनेही 1960 च्या दशकातील ‘डॉक्टर हू’ मालिकेचे कित्येक भाग पुसून टाकले. त्या हरवलेल्या भागांचा आवाज तेवढा शिल्लक आहे, तो प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डरवर टिपला होता म्हणून. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील मॅरियन स्टोक्स या बाईंनी 2012 साली मृत्यू येईपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ दूरचित्रवाणीवरील बातम्या अहोरात्र टिपल्या. त्या हजारो फिती पुढे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे गेल्या. आपल्यास हे नवे वाटू नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 साली साधनांचा पहिला खंड काढला, तो घरोघरीच्या माळ्यांवरील रुमाल सोडूनच.

आमच्या एका तबकडीवर 6 जून 2002 चे बातमीपत्र आहे. त्या दिवशी शांताबाई शेळके गेल्या. मालिका पुढेमागे कोणी पुन्हा दाखवील. ते बातमीपत्र, मधल्या जाहिराती, निवेदिकेने क्षणभर थांबून वाचलेले वाक्य, हे पुन्हा कोण दाखविणार?

कायद्याविषयी दोन शब्द बोलणे आमच्या पेशास धरून होईल. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 37 प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेस 25 वर्षांचा हक्क देते. कलम 39 स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी केलेले मुद्रण त्या हक्काचा भंग मानत नाही. अमेरिकेत याच जातीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली पाच विरुद्ध चार मतांनी घरगुती मुद्रण ग्राह्य धरले. मात्र गीत, नाटक, चित्रपट यांचे हक्क निराळे व अधिक मुदतीचे. तेव्हा मुद्रणे घरी जपावीत, इंटरनेटवर टाकू नयेत.

बेंगळूरच्या केबलला अंकीय होण्यासाठी 31 मार्च 2013 ची मुदत होती. त्यानंतर सांकेतिक प्रवाह सेट-टॉप बॉक्सवाचून उलगडेना, आणि ट्यूनर कार्ड मुके झाले. आता मोबाईलवर हवे ते हवे तेव्हा दिसते खरे. पण ते कंपनी ठेवील तोवरच.

कार्ड गेले तरी तबकड्या कपाटांत आहेत, आणि घाई त्यांचीच आहे. स्वस्त सीडीचा रंगथर उन्हाने व उष्णतेने विरतो. व्हीएचएस फितींना बुरशी धरते. सीडी आधी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल फिरवून नव्हे. व्हीसीडीतील डॅट फाईल सरळ हार्ड डिस्कवर उतरवावी. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्यात घालून पाहावी. दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. बुरशी धरलेली फीत मात्र यंत्रात घालू नये. ती पुढच्या फितींनाही बाधते.

आमच्या सौभाग्यवतींनी प्रत्येक मुद्रणाची तारीख, वाहिनी व वेळ लिहिलेली वही व्यासपीठाशेजारच्या मेजावर ठेवली आहे. आपापल्या घरच्या यादीसाठी तिचा नमुना घ्यावा. ज्यांच्याकडे चालू स्थितीतील व्हीसीआर असेल त्यांनी तिच्या शेवटच्या पानावर नाव लिहावे; आम्हांस निदान दोन यंत्रे हवी आहेत.