व्हेनिसमधील एक बिनकामाची संध्याकाळ



आपल्यापैकी कितीजणी कामावाचून उंबरठा ओलांडतात? भाजी, देऊळ, दवाखाना. काहीतरी कारण हवेच. सहलीत व्हेनिसला एका संध्याकाळी पुरुषमंडळी दमून आडवी झाली, तेव्हा मी आणि जाऊबाई विनाकारण बाहेर पडलो.

हे शहर ११८ बेटांवर वसलेले, चारशेवर पूल. जुन्या वस्तीत मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. वाट नाण्याने ठरवायची, असा आम्ही खेळ मांडला. छापा डावीकडे, काटा उजवीकडे! एक बोळ तर थेट पाण्यातच संपला. जाऊबाई म्हणाल्या, "आता काय गं, पदर खोचायचा?" वीस वर्षे एका स्वयंपाकघरात वावरलो, पण पोट धरून हसलो ते त्या दिवशी!

परतायची चिंता नव्हती. भिंतींवर रिआल्तोकडे नेणारे बाण असतात. त्यांच्या मागोमाग १५९१ साली पुरा झालेल्या त्या दगडी पुलावर आलो, तोवर दिवे लागले होते.

"कुठे गेला होतात?" यजमानांनी विचारले. आम्ही एका सुरात म्हणालो, "कुठेच नाही!"

भगिनींनो, त्यासाठी परदेशच कशाला हवा? महिन्यातून एक संध्याकाळ अशी आपण सर्वजणी मिळून काढू या.