झग्याखालची दोन मुलं

एबेनेझर स्क्रूज या कवडीचुंबक म्हाताऱ्याची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी कुठल्या ना कुठल्या रूपात पाहिलेली असेल. नाताळच्या आदल्या रात्री तो लंडनमधल्या आपल्या अंधाऱ्या घरात एकटाच बसलेला असतो. सात वर्षांपूर्वी वारलेला त्याचा भागीदार जेकब मार्ले साखळ्या ओढत त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. त्या साखळ्यांना पैशांच्या पेट्या, किल्ल्या, कुलुपं आणि हिशेबाच्या वह्या लटकलेल्या असतात. मार्लेच्या मागोमाग तीन आत्मे येतात. एक सरलेल्या नाताळांचा, एक आजच्या नाताळचा आणि एक पुढं येणाऱ्या नाताळचा. ते स्क्रूजला त्याचंच आयुष्य दाखवतात आणि सकाळी अंथरुणातून उठतो तो निराळाच माणूस. चार्ल्स डिकन्सची ही छोटी कादंबरी म्हणजे ‘अ ख्रिसमस कॅरोल’. एक शतक उलटून गेलं तरी चित्रपटवाले पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळतात. तिच्यावर मूकपट निघाले, बोलपट निघाले, गाण्यांचे चित्रपट निघाले, कार्टून निघाली, बाहुल्यांचा चित्रपटही निघाला.

नाताळच्या सुटीत मुलांना जवळ घेऊन यांतला कोणता पाहावा, असं मला कुणी विचारलं, तर मी एक खूण सांगेन. पुस्तकाच्या मध्यावर एक प्रसंग आहे. दुसरा आत्मा हिरवा झगा घातलेला, धिप्पाड आणि हसतमुख आहे. त्याची निघायची वेळ होते, तेव्हा स्क्रूजला त्या झग्याखाली काहीतरी दिसतं. आत्मा झगा बाजूला करतो. त्याच्या पायांना दोन मुलं बिलगलेली असतात, एक मुलगा आणि एक मुलगी. अंगावर चिंध्या, हाडं वर आलेली, चेहऱ्यावर बालपणाचा मागमूस नाही. मुलाचं नाव अज्ञान, मुलीचं नाव हलाखी. दोघांपासून सावध राहा, पण मुलापासून अधिक, असा इशारा आत्मा देतो. यांना कुठं आसरा नाही का, असं स्क्रूज कळवळून विचारतो. त्याच दिवशी गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्या गृहस्थांना त्यानं तुरुंगांचं आणि वर्कहाऊसचं, म्हणजे कामाला जुंपणाऱ्या गरीबखान्यांचं, नाव घेऊन वाटेला लावलेलं असतं. तेच शब्द आत्मा आता त्याला परत ऐकवतो.

चित्रपट या दोन मुलांचं काय करतो, हे पाहावं. त्यांना ठेवतो, झाकतो की हाकलून देतो, यावरून त्या चित्रपटकर्त्याला गोष्ट किती कळली आहे ते समजतं.

कारण ही गोष्ट जन्मलीच मुळी मुलांच्या हालांतून. १८४३ साली इंग्लंडमध्ये बालमजुरीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा दुसरा अहवाल प्रसिद्ध झाला. कारखान्यांत आणि निरनिराळ्या धंद्यांत राबणाऱ्या मुलांच्या साक्षी त्यात होत्या. डिकन्स तेव्हा ३१ वर्षांचा होता. अहवालानं तो हादरला. गरिबांच्या मुलांच्या बाजूनं एक पत्रक काढायचं, असं त्यानं ठरवलं. त्याच वर्षी लंडनच्या फील्ड लेन भागातली, फाटक्या कपड्यांतल्या मुलांसाठी चालवलेली शाळाही तो पाहून आला. पत्रक मागं पडलं. ऑक्टोबरमध्ये त्यानं गोष्ट लिहायला घेतली आणि सुमारे सहा आठवड्यांत हातावेगळी केली. १९ डिसेंबरला पुस्तक बाहेर पडलं आणि पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती नाताळपर्यंत संपल्याही.

या कळवळ्यामागं स्वतःचं दुखणं होतं. डिकन्स १२ वर्षांचा असताना त्याच्या वडिलांना कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात टाकलं होतं आणि हा मुलगा थेम्सकाठच्या एका कारखान्यात बुटांच्या पॉलिशच्या डब्यांना लेबलं चिकटवत होता. आठवड्याला सहा-सात शिलिंग मिळायचे. स्क्रूजचा गरीब कारकून बॉब क्रॅचिट कॅम्डन टाउनमध्ये राहतो, असं पुस्तकात आहे. त्या कॅम्डन टाउनमध्ये लहानपणी डिकन्सचं बिऱ्हाड होतं. बॉबचा पांगळा मुलगा टायनी टिम आगीशेजारी स्टुलावर बसतो, ती खोली लेखकानं दुरून कल्पिलेली नाही.

आता चित्रपटांकडे येऊ. आज माहीत असलेला सर्वांत जुना चित्रपट १९०१ सालचा, इंग्लंडमधला. दिग्दर्शक वॉल्टर बूथ हा मुळात जादूगार. पडद्यावर भूत कसं दाखवायचं, हे कोडं त्याला खुणावणारच! दाराच्या कडीवर मार्लेचा चेहरा उमटतो, काळ्या पडद्यावर स्क्रूजचं गतायुष्य उजळतं. अवघ्या काही मिनिटांचा हा मूकपट, आणि त्यातलाही निम्म्याच्या आसपास भाग शिल्लक आहे. पण सिनेमा नुकता कुठं चालायला शिकला होता, तेव्हाच त्यानं या गोष्टीला हात घातला.

१९३८ मध्ये अमेरिकेतल्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनं घरच्या सगळ्यांनी मिळून पाहावा असा चित्रपट काढला. स्क्रूजची भूमिका लायोनेल बॅरिमोर करणार होते. १९३४ पासून अमेरिकन रेडिओवर नाताळला स्क्रूज व्हायचा तो त्यांच्याच आवाजात आणि लाखो घरांना तो आवाज ओळखीचा होता. आजारपणामुळं त्यांना चित्रपटात काम करता आलं नाही. भूमिका रेजिनाल्ड ओवेन यांच्याकडे गेली. बॉब आणि त्याची बायको झाले जीन आणि कॅथलीन लॉकहार्ट हे खरोखरचे नवरा-बायको. त्यांची मुलगी जून हिनं याच चित्रपटात पहिल्यांदा काम केलं. त्या घरातली माया खरी वाटते याचं नवल नाही. पण ७० मिनिटांच्या आतबाहेरच्या या चित्रपटात काय काय गाळलं आहे पाहा. स्क्रूजच्या पैशाच्या हावेपायी त्याला सोडून जाणारी त्याची वाग्दत्त वधू बेल नाही. मेलेल्या स्क्रूजच्या चादरी-पडदे विकणारे चोर नाहीत. आणि झग्याखालची दोन मुलंही नाहीत. कुटुंबासाठी चित्रपट म्हणजे त्यातलं बोचणारं सगळं काढून टाकायचं, हा समज तेव्हापासून बळावला.

त्याला सणसणीत उत्तर दिलं १९५१ च्या ब्रिटिश ‘स्क्रूज’नं. दिग्दर्शक ब्रायन डेस्मंड हर्स्ट आणि स्क्रूज ॲलस्टेर सिम. पटकथाकार नोएल लँग्ली यांनी पुस्तकात नसलेली एक गोष्ट घातली. स्क्रूजची लाडकी बहीण फॅन बाळंतपणात जाते. तिच्या शेवटच्या क्षणी स्क्रूज रागानं खोलीबाहेर पडतो आणि माझ्या मुलाला सांभाळ, हे तिचं मागणं त्याच्या कानांवर पडतच नाही. ते त्याला ऐकू येतं कितीतरी वर्षांनी, आत्म्याशेजारी उभं राहिल्यावर. तोवर त्यानं त्या भाच्याला आयुष्यभर दारातून परत पाठवलेलं असतं. शेवटी स्क्रूज भाच्याच्या घरी जातो आणि भाचेसुनेसमोर अपराधी चेहऱ्यानं उभा राहतो. सिम यांचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. पैशाची हाव कुठून आली, ती कुठल्या जखमेवर बांधलेली पट्टी आहे, हे मुलांनाही कळतं. शिवाय अज्ञान आणि हलाखी ही दोघंही या चित्रपटात आहेत.

याच सिम यांनी २० वर्षांनी, १९७१ मध्ये, स्क्रूजला पुन्हा आवाज दिला. रिचर्ड विल्यम्स यांचा तो जेमतेम २५ मिनिटांचा ॲनिमेशनपट. मूळ पुस्तकात जॉन लीच यांची चित्रं होती, त्या जुन्या छापील चित्रांची रेघ पडद्यावर हलू लागावी अशी त्याची घडण आहे. त्याला ऑस्कर मिळालं. बहुतेक चित्रपट जो प्रवास गाळतात, खाणकामगारांची झोपडी, दीपगृह आणि समुद्रातलं जहाज, तो इथं आहे. झग्याखालची मुलंही आहेत आणि ती पाहून अंगावर काटा येतो. कार्टून म्हणजे गुळगुळीत असायला हवं, असं मानणाऱ्यांनी ही २५ मिनिटं अवश्य पाहावीत.

१९८४ साली जॉर्ज सी. स्कॉट यांना घेऊन टीव्हीसाठी केलेला चित्रपटही याच जातकुळीचा. तो इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावात चित्रित झाला. स्क्रूजच्या थडग्याची शिळा चित्रीकरणानंतरही तिथल्या सेंट चॅड चर्चच्या आवारात राहिली. या चित्रपटात आत्मा स्क्रूजला एका पुलाखाली नेतो. तिथं एक बेघर कुटुंब शेकोटीशी बसलेलं असतं. वर्कहाऊसमध्ये गेलं तर नवरा, बायको, मुलं यांची ताटातूट होणार, म्हणून ते उघड्यावर राहिलेले. त्यांच्यानंतर आत्मा झगा उघडतो. म्हणजे अज्ञान आणि हलाखी ही नुसती रूपकं नाहीत, त्यांना आईबाप आहेत, हे दिग्दर्शकानं किती साधेपणानं दाखवलं!

आता अगदी छोट्यांचे चित्रपट. १९८३ चा ‘मिकीज ख्रिसमस कॅरोल’ २६ मिनिटांचा. स्क्रूज मॅकडक हा कंजूष बदक स्क्रूज झाला आहे. त्याला १९४७ मध्ये चित्रकथेत नाव मिळालं तेच मुळी डिकन्सच्या स्क्रूजवरून. मिकी माउस झाला बॉब क्रॅचिट. इथं झग्याखालची मुलं नाहीत. पण घराचा हप्ता एक तास उशिरा आला म्हणून स्क्रूज आपल्या प्रेयसीच्या घरावर जप्ती आणतो, असा प्रसंग आहे. सहा वर्षांच्या मुलालाही त्यातला निर्दयपणा समजतो. आणि पुढं दफनभूमीत मिकी आपल्या मुलाची इवलीशी कुबडी थडग्यावर ठेवतो. सगळ्या जगाला हसवणारा मिकी तिथं रडतो आणि चित्रपट ते लपवत नाही.

आणि आता माझा सर्वांत लाडका, १९९२ चा ‘द मपेट ख्रिसमस कॅरोल’. मपेट बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन १९९० मध्ये अचानक गेले. त्यांच्यानंतरचा मपेटांचा हा पहिला चित्रपट त्यांच्या मुलानं, ब्रायन हेन्सन यांनी, दिग्दर्शित केला. हिरवा बेडूक कर्मिट झाला बॉब क्रॅचिट. निळ्या लांब नाकाचा गॉन्झो स्वतः चार्ल्स डिकन्स होऊन रिझो उंदराच्या साथीनं गोष्ट सांगतो. त्यामुळं डिकन्सचं निवेदन या बाहुल्यांच्या चित्रपटात आहे तितकं भारदस्त चित्रपटांतही सापडत नाही. स्क्रूज झाले मायकेल केन. समोर शेक्सपिअरची नाटकं करणारी मंडळी आहेत असं समजून मी काम करीन, एकही डोळा मिचकावणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती त्यांनी शेवटपर्यंत पाळली. बेडकाच्या डोळ्यांत पाहून ते खरोखर लाजतात आणि खरोखर कळवळतात. नटानं बाहुलीला मान दिला की समोरचं मूलही देतं.

या चित्रपटात तिसरा आत्मा येतो तेव्हा गॉन्झो आणि रिझो घाबरून चक्क पळून जातात, शेवटी भेटू म्हणतात. हसू येतं, पण लगेच ध्यानात येतं की निवेदक गेले, आता स्क्रूजला एकट्यानंच जायचं आहे आणि आपल्यालाही. पुढं टायनी टिमची रिकामी जागा आणि कुबडी दिसते. अज्ञान आणि हलाखी इथंही नाहीत. पण दारावर गाणं म्हणायला आलेलं एक छोटं ससुल्याचं पिल्लू आहे. स्क्रूज त्याला हुसकावतो आणि मग रस्त्यावर वर्तमानपत्रात अंग गुंडाळून थंडीनं कुडकुडताना ते आपल्याला दिसतं. ती दोन मुलं दुसऱ्या वेषात आलीच, असं मी मानतो.

बेल स्क्रूजला सोडून जाते, तेव्हा ती एक दुःखी गाणं गाते. मुलं कंटाळतील म्हणून स्टुडिओच्या सांगण्यावरून चित्रपटगृहांतल्या प्रतीतून ते काढलं गेलं. शेवटचं आनंदाचं गाणं त्याच चालीवर बांधलेलं आहे. आधीचं दुःखच नाही म्हटल्यावर त्या आनंदाचा पाया गेला. वर्षानुवर्षं चाहते ते गाणं मागत राहिले आणि २०२२ मध्ये ते असलेली पूर्ण आवृत्ती डिस्नेच्या ओटीटीवर आली. मुलांना दुःख झेपत नाही, हा मोठ्यांचाच अंदाज होता.

२००९ मध्ये रॉबर्ट झेमेकिस यांनी जिम कॅरी यांना घेऊन संगणकाच्या साह्यानं आणखी एक रूपांतर केलं. त्यात पळापळ फार आहे. भीतीचा तिथं पुष्कळदा नुसता खेळ होतो. पण झग्याखालची मुलं आहेत आणि ती डोळ्यांदेखत मोठी होतात. मुलगा गजांआडचा गुन्हेगार होतो, मुलगी वेड्यांच्या इस्पितळातली बाई. १८४३ चा इशारा त्या मिनिटभरात जसाच्या तसा पोहोचतो.

श्रोतेहो, मुलांना भीतीपासून जपावं असं वाटणं साहजिक आहे. पण या गोष्टीतली भीती कुणाची? स्क्रूजला भुतांची भीती वाटते ती पहिल्या घटकेपुरतीच. नंतर त्याला धाक बसतो तो आपण कुणाचं काय केलं याचा. ही भीती मुलांना असावी, मोठ्यांना तर असावीच. ती काढली की उरतो बर्फ, टर्की आणि एक म्हातारा, जो का बदलला ते कुणालाच कळत नाही. ज्या चित्रपटांनी मुलांवर विश्वास टाकला ते वर्षानुवर्षं घराघरांत पाहिले जातात, आणि त्यांतल्या शेवटच्या आनंदानं डोळे भरून येतात, कारण तो आनंद किंमत मोजून आलेला असतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. लहानग्यांसाठी मपेटांचा घ्या, दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी १९५१ चा. मुलं घाबरली तर त्यांना उठवून दुसऱ्या खोलीत पाठवू नका, शेजारी बसा. आणि तुम्ही निवडलेल्या चित्रपटात झग्याखालची ती दोन मुलं नसतील, तर तेवढं पान पुस्तकातून काढून तुमच्या मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. ही मुलं कोण, असं ती विचारतील. वीटभट्टीवर आणि उसाच्या फडात आईबापांबरोबर फिरणारी, शाळा सुटलेली मुलं आपल्याच महाराष्ट्रात आहेत. तेव्हा उत्तर द्यायला लंडनला जावं लागणार नाही. त्यांच्यासाठी आपण काय करायचं, हा प्रश्न तुमच्या मुलानं त्यानंतर विचारला, तर डिकन्सची गोष्ट तुमच्या घरी पोहोचली असं समजा, आणि त्या प्रश्नाला टाळू नका.